शुक्रवारचा उपास

मिरचीभजी तोंडात असतानाच शामूला आठवलं की आज आपला उपास आहे. आठवलं म्हणजे काय, तो विसरलाच नव्हता.

समोरच्या बाकड्यावर त्याचा धाकटा भाऊ भरमू मान टाकून बसला होता. खिशातून बाटलीचं बूच डोकावत होतं.

"शालूबाई, आणि थोडी टाका," शामू हळूच म्हणाला.

भजीच्या गाड्यावरची शालूबाई त्यांच्याच चर्चमधली. शुक्रवारचा उपास कुणाचा, हे तिलाही ठाऊक होतं. पण बिचारी कधी बोलली नाही. बशी पुढं सरकवायची आणि कढईकडं तोंड करून उभी राहायची. आपलं पाप बघायला नको म्हणून ही पाठ फिरवते, असं शामूला वाटायचं.

शामूची बायको सुविधा गेली, तेव्हापासून त्याचं अन्नावरचं मनच उडालं होतं. निपाणीच्या बाजारातलं शिलाईचं दुकान बंद करून तो आढ्याकडं बघत पडून राहायचा. चर्चच्या बाया डबे आणायच्या, डबे तसेच परत जायचे. 'खा रं बाबा' म्हणून म्हणून सगळे थकले. स्वतःची पँट त्यानं इतकी आत घेतली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटले.

आणि त्यातच भरमू प्यायला लागला. तंबाखूच्या वखारीतला सरळमार्गी गडी, नाताळच्या केकमध्येसुद्धा रम आहे का म्हणून विचारून घेणारा. एका संध्याकाळी तो झुलतच घरी आला. "अण्णा, मालक कामावरनं काढतोय बघ," म्हणून रडला. आपलं दुःख बघूनच भाऊ बिघडला, हे शामूच्या मनानं घेतलं.

मग चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या रुक्माबाईंनी भरमूसाठी साखळी उपास लावला. रोज एका घरानं उपाशी राहून प्रार्थना करायची.

"शुक्रवार तुझा," त्या शामूला म्हणाल्या. "दिवस मावळंपातूर पाण्याबिगर कायबी न्हाय. आणि भावाला हुडकून घरी आणायचं कामबी तुझंच."

"आक्का, मी तसाबी कुठं खातोय?"

"तसं न्हवं. आता खायचंच न्हाय. कळलं?"

कळलं. आणि पहिल्याच शुक्रवारी, कित्येक महिन्यांनी, शामूला भूक लागली.

भरमू सापडला तो नेमका शालूबाईच्या गाड्यासमोर. पुढच्या शुक्रवारीही तिथंच. त्याच्या पुढच्याही.

"ऊठ रं, घरला चल."

"पायात जीव न्हाय अण्णा. बस की जरा."

शामू बसायचा. भजीचा वास यायचा. भरमूचे डोळे मिटलेले असायचे. त्याच्या तोंडाला जिऱ्याचा वास. पिऊन वर जिरं चघळतोय, किती निर्ढावलाय बघा, असं शामू खाता खाता मनात म्हणायचा.

घरी नेताना भरमू सगळं अंग त्याच्यावर टाकायचा. गटार आलं की मात्र अलगद ओलांडायचा. दारुड्याला देव सांभाळतो म्हणतात ते हेच, असं शामूला वाटायचं.

हळूहळू पँटचं बटण लागेना. ती उसवायला त्याला दुकान उघडावं लागलं. उघडलं तसं गिऱ्हाईकही आलं. पापाला वजन असतं हे त्यानं उपदेशात ऐकलं होतं. ते कमरेला येतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

भरमू काही सुधारत नव्हता. तिकडं म्हाताऱ्या रुक्माबाई मंगळवारी चक्कर येईस्तोवर उपाशी राहात होत्या, आणि इकडं आपण चटणी मागून घेतोय. शामूची झोप उडाली.

रविवारी उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली तसा तो उठला. भरमू शेवटच्या बाकावर मान टाकून बसला होता.

"भरमू सुधारत न्हाय, त्यात देवाची चूक न्हाय," शामू म्हणाला. "माझी हाय. तुम्ही समदी उपाशी राह्यलासा, आणि मी दर शुक्रवारी भजी खाल्ली."

पाळकांनी चष्मा काढला.

"किती खाल्लीस?" रुक्माबाईंनी विचारलं.

"पोट भरूस्तवर."

"चटणीसंगं?"

"व्हय," शामू रडायलाच लागला. "मागून घेऊन."

रुक्माबाईंनी दोन्ही हात वर केले. "देवा, तुझी स्तुती असो!"

सगळी माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली. शालूबाई पदरानं डोळे पुसत होती. शेवटच्या बाकावरून भरमू उठला, ताठ चालत पुढं आला आणि खिशातली बाटली त्यानं रुक्माबाईंच्या हातात दिली.

"घ्या आक्का, तुमचं जिऱ्याचं पाणी. मी म्हटलं न्हवतं? ल्हानपणापासनं असाच हाय त्यो. खा म्हटलं की खात न्हाय."

रुक्माबाईंनी शामूला कमरेपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अजून भरायचा हाय," त्या पाळकांना म्हणाल्या. "सोमवारबी ह्यालाच देऊया."