टोपीतलं फूल

पल्याडच्या गावाशी आम्ही दर जानेवारीत आमच्या लामा जनावरांच्या लोकरीच्या गोफणींनी लढतो. रक्त सांडल्याशिवाय डोंगर बटाटा देत नाही, असं दोन्ही गावं मानतात. यंदा निघताना माझ्या सासूबाईंनी, सेफेरिनांनी, वाट अडवली. "जावईबापू, नुसती डोकी फोडून येऊ नका. आपला बटाटा दरवर्षी हिमात काळा पडतो, त्यांचा तगतो. मेले बियाणं द्यायचे नाहीत, पण मिरवायला टोपीत त्याचीच फुलं खोचून येतात. मला त्यातलं एक हवंय, ताजं." दुपारी जांभळं फूल खोचलेला एक गडी "काळे बटाटे खाणाऱ्या, ये की पुढं!" असं ओरडत माझ्यावर धावून आला. माझा दगड त्याच्या कानशिलावर बसला. पडला तो पडलाच. मी टोपी उचलली नि धूम ठोकली. त्याचेच पराग त्याला लागू नयेत म्हणून सासूबाईंनी आमच्या झाडावरच्या एका फुलातले पुंकेसर सकाळीच खुडून टाकले होते. आणलेल्या फुलाला टिचकी मारून त्यांनी नखावर पराग घेतले आणि आमच्या फुलाच्या मधोमध टेकवले. फुलावरचं त्या गड्याचं रक्त नखाला आलं होतं, तेही तिथंच लागलं. "फळ धरलं, तर त्यातल्या बियांतून चार-पाच वर्षांत हिमाला न भिणारा बटाटा होईल." मी छाती फुगवून विचारलं, "मग त्याला नाव माझंच ना?" "बटाट्याला बापाचं नाव लागतं, जावईबापू. ज्याचं फूल, तो बाप." त्यांनी टोपी माझ्या हातात ठेवली. "ही त्याच्या आईला देऊन या. आणि नाव विचारून या."