वरून कोरडा

तपासनीस बाईंनी जहाजाच्या पोटातली खनिजाची भुकटी पत्र्याच्या डब्यात भरली आणि डबा लोखंडावर आपटत राहिल्या. भुकटी कोरडी दिसत होती. आपटता आपटता ती चकाकली, मग वर पाणी आलं.

कप्तान शेजारीच उभा होता. लाटांच्या हादऱ्यांनी सगळ्या मालाचा असाच चिखल होईल, तो एका कुशीला वाहील आणि जहाज आडवं करील, असं बाईंनी त्याला सांगितलं. माल उतरवून वाळवल्याशिवाय त्या सही करणार नव्हत्या. कप्तानाने वाद घातला नाही. मालकांशी बोलतो म्हणाला.

मालकांनी दुपारी दुसरा तपासनीस आणला. त्याने वरची ओंजळभर भुकटी चोळून पाहिली आणि सही केली. बाई बंदराच्या कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सही एकाचीच लागते म्हणाला.

मग त्या परत जहाजावर चढल्या आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. तिथला आचारी त्यांचा धाकटा दीर होता.

"भाऊजी, सामान भरा. घरी चला."

"आणि बाकीचे?"

"कप्तानाला सांगून झालं, कचेरीत सांगून झालं. कोणी ऐकत नाही. तुम्ही तरी ऐका. मी सासूबाईंना काय तोंड दाखवू?"

त्याने हातातला कांदा अर्धा चिरून तसाच ठेवला. कप्तानाला कळवून संध्याकाळी बॅग घेऊन निघाला तेव्हा वहिनीने कान धरून नेलं म्हणून खलाशी हसले. तोही हसला, पण मान वर न करता.

शिडीखाली नवा आचारी येऊन उभा होता. बरेच महिने घरी बसलेला. घाईघाईत बोलावणं आलं म्हणून खुशीत होता. बाईंनी त्याचा दंड धरून त्यालाही सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकलं.

"पण बाई, सही झालीय ना?"

"माझी नाही."

"झालीय ना पण."

त्याने हलकेच दंड सोडवून घेतला आणि मीठ, पीठ कुठे असतं ते दिराला विचारलं. दीर सांगू लागला. फळी कुठली, डबा कुठला, कप्तानाला चहा कसा लागतो. नवा आचारी पेटी उचलून शिडी चढू लागला.

"उजव्या शेगडीच्या बटणाला शॉक बसतो," दीर खालून म्हणाला. "जरा जपून."