सगळ्यांच्या मागची

मागे कुणीतरी होतं.

आणि तिच्या मागे कुणी असणं शक्यच नव्हतं, कारण आज ती शेपूट होती.

शेपूट म्हणजे सगळ्यांच्या मागून धावणारी. रविवारच्या या निवांत धावण्यात शर्यत नव्हती, बक्षीस नव्हतं. गप्पा मारत, हाश्शहुश्श करत वनउद्यानातून एक फेरी मारायची आणि दुसऱ्या फाटकापाशी मिळून खायचं. शेपटाने शेवटच्या माणसाच्याही मागे राहायचं, कुणाला चुकू द्यायचं नाही, आणि वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या फिती सोडत यायचं. लांबून दिसावं म्हणून अंगात भडक नारिंगी जाकीट.

हा गट मावशीचा आणि शेपूटही एरवी तीच. आज तिने ते काम भाचीला दिलं होतं, आणि त्यावरून काल रात्री जेवताना घरात रण माजलं होतं.

"एकटी? त्या झाडीत?" आई म्हणाली होती. "मागच्याच आठवड्यात तिथे एका बाईच्या हातातला मोबाइल हिसकावून नेला."

"आई, मी सोळा वर्षांची आहे."

"म्हणूनच!"

"जाऊ दे गं तिला," बाबा ताटातून मान वर न काढता म्हणाले. "मोठी झाली आता. सारखं काय हात धरून फिरवायचं? मी तर बुवा उद्या दहापर्यंत उठणार नाही."

बाबांवर ती इतकी खूश झाली की त्यांचं ताटसुद्धा तिनेच घासलं.

सकाळी धुकं होतं. निघताना मावशीने पुन्हा बजावलं, "फाटा आला की उजवीकडे. डावीकडे जुनी खाण आहे. कुंपण पडलंय, आणि गवत इतकं माजलंय की जमीन कुठे संपते तेच कळत नाही. तिकडे कुणाला फिरकू देऊ नकोस."

"मावशी, आता तू हे गाण्यात बसव."

"हसतेस काय? आज सगळे तुझ्या भरवशावर आहेत."

ते वाक्य तिला भयंकर आवडलं होतं. अर्धी वाट ती त्या वाक्यावरच तरंगत आली. तिच्यापुढे दोन काकू कुणाच्या तरी सुनेचे वाभाडे काढत रमतगमत चालल्या होत्या. मग एका फितीची गाठ सुटता सुटेना. नखं, दात, सगळं लावून झालं. गाठ सुटली तेव्हा धुक्याने काकूंना गिळलं होतं.

आणि मागे पाचोळा चुरचुरला.

ती थबकली. चुरचुर थांबली.

ती चार पावलं चालली. मागेही कुणीतरी चार पावलं चाललं.

"कोण आहे?" तिने दरडावून विचारायचं ठरवलं होतं. निघाला तो उंदराचा आवाज.

फक्त एका जाड बुंध्याआड काहीतरी काळं सरकलं. डोक्यावर ओढलेली जाकिटाची टोपी. माणूस.

"काकू!" ती ओरडली. "ओ काकू!" धुक्यातून काहीच परत आलं नाही.

मोबाइल धावताना खिशात नाचतो, म्हणून तिने तो मावशीच्या पिशवीत टाकला होता. वा, काय डोकं! ती पळत सुटली. कानांत ढोल वाजत होते, आणि त्या ढोलांच्या मागे ती पावलं. तिने वेग वाढवला की तीही वाढवत. ती धापा टाकत थांबली की तीही थांबत. जवळ येत नव्हती. सोडतही नव्हती. दबा धरून येणाऱ्याला कसली घाई?

फाट्याशी आली तेव्हा तिचा दम संपत आला होता. उजवीकडे फाटकापर्यंत बरंच अंतर होतं. तेवढं पळणं होणार नव्हतं. आणि हे जाकीट! धुक्यातसुद्धा पेटल्यासारखं दिसत होतं. ती कुठेही लपली तरी हा रंग चुगली करणारच.

मग तिला सुचलं.

तिने जाकीट ओरबाडून काढलं. डावीकडे, पडलेल्या कुंपणापलीकडे, गवतात एक खुरटं झुडूप होतं. त्यापुढे नुसतं पांढरं धुकं. तिने जाकीट त्या झुडपावर घातलं, बाह्या नीट पसरल्या. फाट्यावरून पाहिलं तर कुणीतरी पाठमोरं उभं आहे असंच वाटत होतं.

ती उजवीकडच्या झाडांत शिरली आणि तोंडावर हात दाबून बसली.

पावलं फाट्याशी आली. थांबली.

मग पावलं डावीकडे पळत सुटली. आता लपतछपत नाही; जिवाच्या आकांताने. गवत सळसळलं, दगड घरंगळले, एकदा काहीतरी खोलवर आपटलं.

मग काहीच नाही.

ती उठली आणि वाऱ्यासारखी सुटली. राहिलेल्या फिती ओढता ओढता तिला रडू येत होतं आणि हसूही. फसवलं! एकटीने फसवलं त्याला!

फाटकापाशी मावशी डबे उघडत होती. दोन्ही काकू आधीच खायला बसल्या होत्या. डबे घेऊन आलेली आई तिला बघून चक्क हसत पुढे आली. एवढी निश्चिंत आई तिने कधी पाहिली नव्हती.

"आई, ऐक ना, आज काय झालं—"

"अगं, जाकीट कुठाय? आणि बाबा कुठे राहिले तुझे?"

"बाबा? ते तर झोपलेत ना?"

"झोपतायत! तू बाहेर पडलीस आणि यांनी बूट चढवले. शेजाऱ्यांचं काळं जाकीटसुद्धा मागून आणलं, तुला ओळखू येऊ नये म्हणून." आई तिच्या खांद्यावरून मागच्या वाटेकडे बघत हसली. "म्हणाले, धुकं असो नाहीतर काही असो, जिथे तो नारिंगी रंग, तिथे मी."