दानम्माची बडबड

सोलापूर सोडल्यापासून दानम्माच्या तोंडाला विसावा नव्हता. गिरिजाबाईंचं डोकं उठलं होतं. नेरळला छोट्या गाडीत चढताना सून म्हणाली, ही पायरी मेल्यांनी केवढी उंच केलीय. माथेरानला उतरल्यावर म्हणाली, माती बघा आत्ती, कुंकवासारखी लाल. घोडा आला की घोडा आला, माकड बसलं की माकड बसलं, खड्डा आला की खड्डा. डोळ्यांत शिरलेलं सगळं तोंडावाटे बाहेर पडलंच पाहिजे, असली ही बाई. गिरिजाबाई दर वेळी म्हणायच्या, बघितलं, बघितलं, पुढं चल.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन दिवाळ्या झाल्या होत्या. पेठेतलं चादरींचं दुकान गिरिजाबाईंनी नवऱ्यामागं तीस वर्षं एकटीनं ओढलं होतं. लिहिणं-वाचणं कधी आलं नाही, अंगठ्यावर भागलं. पण चादरीचं टोक दोन बोटांत चोळलं की ती कुणाच्या मागावरची ते त्या सांगायच्या. विणकर वचकून असत. दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला, तो झोपेतही सुटत नसे. बाहेर निघाल्या की हात सुनेच्या खांद्यावर. सासूचा रुबाब म्हणावा तर हा, असं पेठ म्हणायची.

या सहलीचं खूळ दानम्माचंच. आणि तेव्हापासूनच गिरिजाबाईंच्या पोटात भीती बसली होती.

निघायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी त्या थबकल्या होत्या. आत दानम्मा हलक्या आवाजात नवऱ्याला सांगत होती, "घरात नको. तिथं वर आमी दोघीच असू, तवा काय ते एकदाचं संपवते. लई दिस झाले." शिवपुत्र म्हणाला, हळू बोल, आईचे कान तिखट हायत.

त्यात शेजारच्या चंद्रव्वानं भर घातली. त्या डोंगरावर म्हणे कडेच कडे, कुठं कठडा नाही. टेंभुर्णीकडची एक म्हातारी सुनेबरोबर गेली ती पाय घसरून गेलीच. सून तेवढी किल्ल्या घेऊन परत आली. एवढं सांगून चंद्रव्वा हसली, आणि थोडी साखर द्या म्हणाली. गिरिजाबाईंनी दिली नाही.

आता वर येऊन दुसरा दिवस. मोटार नाही, फटफटी नाही, साधा टांगा नाही. लोकांना म्हणे हीच शांतता हवी असते. सोलापुरात गिरणीचा भोंगा झाला की दिवस कुठवर आला ते कळायचं. चौकातले हॉर्न, बोळातल्या मागांचा खडखडाट, पाणपोईवरची भांडणं, त्या गलक्यात गिरिजाबाई राणी होत्या. इथं नुसता वारा. इथं माणूस ओरडलं तर कुणाला ऐकू जायचं?

सकाळी शिवपुत्र लॉजवाल्यापुढं चादरींचे नमुने उलगडून बसला. दानम्मा म्हणाली, चला आत्ती, जवळच एक पॉइंट हाय, जाऊन येऊ. नको म्हणावं तर भ्यालो असं होतं. गिरिजाबाई उठल्या. जुडगा चाचपला, सुनेच्या खांद्यावर हात ठेवला.

वाटेनं दानम्माचं चालूच होतं. मूळ आडवं आलंय, दगड सुटा हाय, हितं उतार बघा. हळूहळू घोड्यांच्या घंटा मागं पडल्या. मग माणसांचे आवाजही संपले. दानम्मा थांबली.

"आत्ती, हितं कुणी न्हाय. मला जरा बोलायचंय तुमच्याशी."

 भीती झाकायला गिरिजाबाईंना एकच रीत ठाऊक होती. त्यांनी खांद्यावरचा हात झटक्यानं काढला.

"कान किटले माझे दोन दिस. आता गप. लॉजवर जाईस्तोवर एक शब्द काढलास तर कुंभारीला बापाकडं धाडून देईन."

दानम्मा गप्प झाली. अशी गप्प, की तिच्या बांगड्याही वाजेनात.

गिरिजाबाई ताठ उभ्या राहिल्या. ही आता काय करणार? हाक मारावी तर हरल्यासारखं. त्यांनी मनाशी ठरवलं, आल्या वाटेनं सरळ लॉज गाठायचं, पोराच्या शेजारी जाऊन बसायचं. त्या वळल्या आणि चालू लागल्या. एक पाऊल. दोन. पाचव्या पावलाला वारा खालून आला आणि लुगडं फुगलं. पायाखालचा एक दगड निसटला. तो खाली आपटल्याचा आवाज काही आला नाही.

त्यांनी एका हातानं गळ्यातलं इष्टलिंग धरलं, दुसऱ्यानं किल्ल्या.  तेवढ्यात मागून कमरेला दोन हात पडले.

केलं हिनं, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

हातांनी त्यांना मागं ओढलं. दोघी मातीत पडल्या. जुडगा तुटून कुठंसा खणखणला. दानम्मा रडत होती, धापा टाकत होती. तिनं किल्ल्या गोळा केल्या, सासूच्या हातात दिल्या आणि वर त्यांची बोटं मिटली.

"तुमी एक हाक माराल म्हणून मागं हुबी होते, आत्ती. किल्ल्या कुणाला हव्यात? दोन वर्सं मी बडबडतीय ती कशापायी? हे लपवणं तेवढं एकदाचं संपवायचं, म्हणून हितं आणलं तुमास्नी."

 गिरिजाबाईंनी किल्ल्या कमरेला खोचल्या, पदर झटकला, आणि हात पुढं करून सुनेचा खांदा शोधला.

"वाईट खोड हाय तुझी, दानम्मा," त्या म्हणाल्या. "मी गप म्हणलं की लगीच गप. आंधळ्या माणसाला कड्यावर आणलंस तर तोंड चालू ठेवावं की."