होडीची जागा

नदीकाठच्या मोकळ्या जागेवर अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि पोलीस यांची एकत्र इमारत होणार होती. म्हणून सातवीच्या मुलांना मी तशीच पुठ्ठ्याची इमारत करायला सांगितली आणि ती बघायला खऱ्या इमारतीचा नकाशा करणाऱ्या इंजिनिअर साहेबांना शाळेत बोलावलं. सुहानाने सगळ्या गाड्या खाली लावल्या होत्या. पुरात वापरायची होडी मात्र गच्चीवर ठेवली होती.

"पोरी, होडी पाण्यात चालवायची का आभाळात?" साहेबांनी विचारलं. सगळा वर्ग हसला. त्यांनी होडी उचलून तळमजल्यावरच्या शटरमागं ठेवली. "आमच्या नकाशात ती इथं हाय."

"पूर आला की शटर उघडत न्हाय, साहेब. पाणी दाबून धरतंय."

"कुणी सांगितलं तुला?"

"अब्बा फायरमन हुते. मागच्या मोठ्या पुरात शटर उघडायला पाण्यात उतरलते. होडी न्हाय निघाली. अब्बाबी न्हाय आले."

साहेबांनी ते पुठ्ठ्याचं शटर बोटानं उचलून पाहिलं.

"नकाशा मंजूर झालाय, बाळ," ते म्हणाले. "आता बदलता येत न्हाय."

सुहानाने वहीचं कोरं पान काढलं आणि पेन्सिल हातात घेतली.



"मग तिथं ड्यूटीला कोण कोण असणार, त्यांची नावं सांगा. मी त्यांच्या घरी सांगून येते."