मालकिणीची ओळख

रुओलानच्या आईला जाऊन वीस दिवस झाले होते. जन्मात एक बटण न विकलेल्या बाओगेनमामाने तिचा फोटो तिच्याच बटणांच्या खोक्याला टेकवला आणि समोर फोन उभा केला. फोनला मालकिणीच्या चेहऱ्याची ओळख पटली, की यीवू शहरातलं तिचं ऑनलाइन दुकान तो आपल्या नावावर करून घेणार होता.

"आता तिला डोळे मिचकवायला लावणार का, मामा?" रुओलानने त्याच्याकडे न बघताच विचारलं.

"यंत्राला काय कळतंय, पोरी? फोटो जरा हलवला की झालं."

"डोळे मिचकवा," फोन म्हणाला. मामाने अजून फोटोला हातही लावला नव्हता.

"धन्यवाद. आता डावीकडे पाहा."

फोटोच्या डावीकडे मामा उभा होता, उजवीकडे रुओलान.

"उजवीकडे नको," फोन म्हणाला. "डावीकडे पाहा."