टेबलावरची जाळी

घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची तुटलेली जाळी मी शनिवारी वर आणली. दुपार झाली तरी तिचे दोन्ही तुकडे स्वयंपाकघरातल्या टेबलावरच होते आणि तळघरात भट्टी विझलेली होती.

"तुझ्या बापानंही जानेवारीतच भट्टी दुरुस्तीला उघडली होती," माझी बायको वेरा म्हणाली. "तुमच्या घराण्यात उन्हाळा येतच नाही का रे?"

खाणीकडचा रस्ता बर्फानं बंद होता, तिकडून मदत येणार नव्हती. वेराच्या कुशीत आमच्या तान्ह्या तेसचे ओठ निळे पडले होते. जाळीचे तुकडे जोडणारा बोल्ट माझ्याकडून बसत नव्हता.

तेवढ्यात तळघरातून खडखड ऐकू आली. राख पाडायला कुणी जाळी हलवावी, तशी.

जाळी माझ्या समोर होती.

मी उठलो, तर वेरानं माझी बाही धरली. "जाऊ नकोस. इथे हात लावून बघ."

भट्टीची हवा जिथून वर येते त्या जमिनीतल्या झरोक्यातून ऊब येत होती. तेसचे ओठ हळूहळू लाल झाले.

मग खडखड थांबली. झरोका गार पडला. तेस कण्हली.

"वेरा, नको," मी म्हणालो.

पण ती तळघराच्या दाराशी पोचली होती. "काय हवं ते मागा," ती दाराला म्हणाली, "पण थांबू नका."

खडखड पुन्हा सुरू झाली. आता ती जिन्यावर होती.